नऊ ओळींचे चोवीस हजार

तक्रार एवढीच होती की 'काढा' हे बटण चालत नाही.

आमचं एक छोटं वेब ॲप आहे. मावळ-मुळशीकडचे भाताचे जुने वाण कोणाकडे शिल्लक आहेत, बी कोणाला हवंय, याची देवघेव त्यावर चालते. आंबेमोहर, रायभोग, काळभात, जिरवेल. प्रत्येक वाणाखाली शेतकरी आपला अनुभव लिहितात: रोप कितव्या दिवशी लावलं, पाऊस लांबला तेव्हा काय झालं, भात आडवा पडला का. लोक येतात ते हे वाचायलाच. भाच्याने लॉकडाऊनमध्ये रुबी ऑन रेल्सवर, म्हणजे वेब ॲप बांधायच्या एका तयार सांगाड्यावर, ते बांधून दिलं. पुढे तो शिकायला जर्मनीला गेला आणि निघताना घाईघाईत रेल्सची सातवी आवृत्ती चढवून गेला. तेव्हापासून कोणी आपलाच अनुभव काढायला गेलं की 'हे पान सापडत नाही' असं यायला लागलं.

भाच्याच्या परीक्षा चालू होत्या. म्हटलं, पोराला कशाला त्रास द्या! ओळखीतल्या एकांनी एका फ्रीलान्सरचा नंबर दिला. माणूस बोलायला गोड. सहा हजार आगाऊ घेतले आणि दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲपवर चार स्क्रीनशॉट पाठवले. वर लाल पट्टी, त्यात 'राउटिंग एरर', खाली 'नो राउट मॅचेस'.

"मॅडम, सगळं राउटिंगच सडलंय. ठिगळ लावून भागणार नाही, पंधरा दिवसांत ॲप बंद पडेल."

आणखी अठरा हजार. मी दिले. ॲप ज्या सर्व्हरवर ठेवलंय त्या होस्टिंगचा पासवर्डही दिला, तोही व्हॉट्सॲपवरच.

राउटिंग म्हणजे काय हे मला नंतर कळलं, आणि आधी कळलं असतं तर हे चार स्क्रीनशॉट मी त्याच्या तोंडावर मारले असते. ब्राउझरकडून येणाऱ्या प्रत्येक विनंतीत दोन गोष्टी असतात, पत्ता आणि क्रिया. गेट म्हणजे दाखव, पोस्ट म्हणजे नवीन नोंद घे, डिलीट म्हणजे काढून टाक. ॲपमध्ये या जोड्यांची एक यादी असते. पत्ता तोच, पण क्रिया वेगळी, तर विनंती वेगळ्या ठिकाणी जाते. जोडी यादीत नसेल तर एरर. म्हणजे धडधाकट ॲपमध्येही वाटेल तो पत्ता टाका, प्रोग्रामरच्या मशीनवर ती लाल पट्टी दिसणारच. त्याच्या चारपैकी तीन स्क्रीनशॉटमध्ये पत्त्यातल्या 'कमेंट्स'च्या स्पेलिंगमध्ये एम एकच होता. गड्याने स्वतःच चुकीचा पत्ता टाइप करून फोटो काढले होते!

चार दिवसांनी "डन मॅडम" असा निरोप आला. बटण चालायला लागलं, एररही गायब. मी खूश.

तिसऱ्या आठवड्यात पौडकडच्या एका काकांचा फोन आला. "ताई, माझं लिहिलेलं तुम्ही काढलंत का? काही चुकलं का माझं?" मला काही सुधरेना. पाहिलं तर काळभाताखाली एकही अनुभव नाही. रायभोगाखाली दोन. रात्री भाच्याला फोन लावला.

त्याने कोड उघडला. फ्रीलान्सरने एकूण नऊ ओळी बदलल्या होत्या. यादीच्या शेवटी त्याने 'जे कुठेच जुळत नाही ते सगळं मुखपृष्ठावर पाठव' अशी ओळ घातली होती. एरर गायब झाली ती अशी, धोक्याचा दिवा काढून ठेवून धोका मिटवावा तशी. आणि 'काढा'साठी त्याने डिलीटच्या जागी साधी गेट ठेवली होती. बटण चाललेलं मला दाखवताना लॉगिनची कटकट नको म्हणून लॉगिनची तपासणी काढली, 'फक्त लिहिणाऱ्यालाच बटण दिसावं' ही अटही काढली. आता प्रत्येक अनुभवाखाली जगाला दिसणारी एक लिंक, आणि ती उघडली की नोंद नष्ट.

"आत्या, माणसाने दाबायचीही गरज नाही," भाचा म्हणाला. शोधयंत्रांचे बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम, पानावरच्या लिंक एकामागून एक उघडत जातात. गेट म्हणजे नुसतं पाहणं, त्याने काही बदलू नये, हा वेबचा जुना संकेत आहे आणि बॉट त्याच भरवशावर चालतात. २००५ मध्ये गूगलचं वेब ॲक्सिलरेटर पानं लवकर दिसावीत म्हणून लिंक आधीच उघडून ठेवायचं, तेव्हाही अशाच गेटवर चालणाऱ्या 'डिलीट' लिंकमुळे लोकांचा मजकूर उडाला होता. वीस वर्षांपूर्वीचा खड्डा, आणि माझ्याकडून पैसे घेऊन मला त्यात ढकललं.

मूळ दुखणं एका ओळीचं होतं. जुन्या रेल्समध्ये लिंकला 'मेथड डिलीट' लिहिलं की रेल्स-यूजेएस नावाचा ब्राउझरमध्ये चालणारा छोटा कोड त्या क्लिकची डिलीट विनंती करून द्यायचा. सातव्या आवृत्तीच्या मूळ संचात तो नाही, त्याच्या जागी टर्बो नावाचा दुसरा कोड आला, आणि त्याला 'टर्बो-मेथड' असं सांगावं लागतं. नाहीतर गेट जाते, आणि त्या पत्त्यावर गेटची जोडी यादीत नव्हती. भाच्याने दहा मिनिटांत दुरुस्त केलं. खरं तर हे कोणीही ताडून पाहू शकतं: टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'रेल्स राउट्स' ही आज्ञा दिली की सगळी यादी समोर येते. काम करणाऱ्याला ती आधीची आणि नंतरची, दोन्ही मागा. कोणत्या फाइलमधल्या कोणत्या ओळी बदलल्या तेही मागा. मी यातलं काहीच मागितलं नाही, आणि पैसे मात्र काम बघण्याआधीच पूर्ण दिले.

त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "बॉटची जबाबदारी माझी कशी?" मग डेटा परत आणून द्यायचे पंधरा हजार सांगितले. पोलिस ठाण्यात ऐकून घेतलं आणि हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा, म्हणाले. चोवीस हजारांसाठी वकील कुठे करत बसू?

होस्टिंगवर सातच दिवसांचे बॅकअप राहतात, त्यात जुनं काही उरलं नव्हतं. वाचलो ते एका फालतू सोयीमुळे. नवीन अनुभव आला की मला ईमेल यायची, आणि मी आळशी, कधीच काही पुसलं नाही. आता इनबॉक्समधून एकेक शोधून परत चढवतेय. लोकांनी नंतर दुरुस्त केलेला मजकूर मात्र त्यात नाही. पौडच्या काकांचा काळभात परवा सापडला. त्यांना वाचून दाखवला, तर म्हणाले, "पुनर्लावणीचा दिवस चुकलाय, तो मी मागून बदलला होता. लिहा, एकविसावा."