पाम लावावा की युक्का? मराठवाड्याच्या अंगणापुरतं

ऑनलाइन रोपं विकणारे हल्ली पाम आणि युक्का (तलवारीसारख्या लांब पानांचं शोभेचं झाड) यांच्याबद्दल 'उणे १५ अंशांतही टिकतो' असं ठळक अक्षरांत लिहितात. घर शिमल्याला असेल तर त्या आकड्याला किंमत आहे. आपल्याकडे परभणीत पारा ५ अंशांखाली गेला की पेपरात बातमी येते, आणि त्या थंडीत अशा झाडांचं काहीही बिघडत नाही. इथे झाड जातं ते मे महिन्याच्या झळांनी, नाहीतर ऑगस्टमध्ये काळ्या मातीत पाणी तुंबून. रोप घेताना एवढंच तपासा.

थंडी सोसण्यात सगळ्यांत पुढे चिनी विंडमिल पाम, म्हणजे ट्रॅकीकार्पस. रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४९ मध्ये तो चीनमधून इंग्लंडला धाडला आणि तिथल्या बागांत तो बर्फ अंगावर घेऊन उभा असतो. त्याचा एक सख्खा भाऊ आपल्या कुमाऊंच्या डोंगरात, पिथौरागडकडे वाढतो. एकूण थंड डोंगराळ हवेचं झाड. लातूर-नांदेडच्या कोरड्या वाऱ्यात त्याची पानं शेंड्याकडून करपत येतात. त्यावर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत.

पामच हवा असेल तर वॉशिंग्टोनिया घ्या. मूळचा मेक्सिको-कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी पट्ट्यातला, ऊन मानवतं. पण वाळवंटातही तो झऱ्याकाठी, ओढ्यांत वाढतो, हे विक्रेते सांगत नाहीत. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं. टँकरवर जगणाऱ्या घराने विचार करावा. शिवाय तो वीस मीटरच्याही वर जातो, तेव्हा विजेच्या तारांखाली नको. बांधावरची आपली शिंदी दिसायला नखरेल नसेल, पण ती ऊन आणि साचलेलं पाणी दोन्ही सोसते.

खरा फरक मात्र वाढीच्या रीतीत आहे. अशा एकखोडी पामाला वाढीचा एकच कोंब. ज्वारीच्या पोंग्यासारखा तो मधोमध असतो. तो कुजला किंवा सोंड्या भुंग्याने पोखरला की झाड संपलं. खोडाला बाजूने फूट येत नाही. युक्काचं तसं नाही. शेंडा मोडला तरी खाली खोडावर डोळे फुटतात, आणि तोडलेला तुकडा चार-आठ दिवस सावलीत सुकवून लावला की त्याचंही झाड होतं. पाणी एखादा आठवडा चुकलं तरी तक्रार नाही.

युक्काला मारते ती आपली काळी माती. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि मुळं सडतात. म्हणून खड्डा करून लावू नका. मुरूम, वाळू आणि थोडं शेणखत मिसळून फूट-दीड फूट उंच वाफा करा आणि वर लावा. पाम मृगात लावला तर चालतो, युक्का दसऱ्यानंतर, पाऊस उघडल्यावर.

पाणी कमी आणि जागा छोटी असेल तर युक्काच. मोठं आवार, विहिरीचं भरवशाचं पाणी असेल तर वॉशिंग्टोनिया शोभतो. घरात लहान लेकरं असतील तर नर्सरीत पानाच्या टोकाला बोट लावून बघा: युक्काच्या काही जातींचं टोक दाभणासारखं टोचतं. कुंडीत सर्रास मिळणारा, मऊ टोकाचा युक्का जायगँटिया (Yucca gigantea) तेवढा अंगणात आणा. वॉशिंग्टोनियाच्या देठांनाही करवतीसारखे काटे असतात, त्याला दाराजवळ जागा नको.