आनंदाच्या दशकासाठी आठ पाने : सांगलीतील एका फोटो-स्कॅनिंग सेवेचा अनुभव

सांगलीच्या गणपती पेठेतील एक जुना फोटो स्टुडिओ गेल्या काही वर्षांपासून घरोघरचे जुने फोटो स्कॅन करून त्यांचा दशकवार छापील अल्बम तयार करून देतो. लग्नाच्या करिझ्मा अल्बमसारखीच जाड पाने, तसेच पुठ्ठ्याचे वेष्टण, फक्त आत लग्नाऐवजी सबंध आयुष्य. प्रत्येक दशकाला चार पाने मिळतात, आणि ग्राहकाने ‘सर्वांत आनंदाचे’ म्हणून निवडलेल्या एका दशकाला आठ. त्यामुळे ऑर्डरच्या कागदावर नाव, फोन आणि आगाऊ रक्कम यांच्या खालोखाल आपल्या आयुष्यातील सर्वांत सुखाचे दशक कोणते, असा रकाना येतो. स्टुडिओचे नाव मी देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या या व्यवसायातील बहुतेकांना लागू पडतील.

आमचे घर गावभागात आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले, आणि तळमजल्यावरील कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेले आमचे अल्बम त्यात बुडाले. पूर ओसरल्यावर गावातील बहुतेक गच्च्यांवर गाद्या, वह्या आणि फोटो एकाच उन्हात वाळत पडले होते. आमच्या अल्बममधील रंगीत फोटो प्लॅस्टिकच्या आवरणाला आणि एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या. निगेटिव्ह मात्र माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असल्यामुळे वाचल्या. अशा अवस्थेतील ऐवज घेऊन आम्ही या स्टुडिओत गेलो, हे आधीच सांगितलेले बरे, कारण कोरड्या आणि नीट लावलेल्या अल्बमवरून या सेवेची परीक्षा होत नाही.

चिकटलेले फोटो सोडवण्याचे काम त्यांनी उत्तम केले. फोटोच्या कागदावरील प्रतिमा जिलेटिनच्या थरात असते. हा थर ओला असताना फुगतो आणि वाळताना समोर जे असेल त्याला धरून बसतो, म्हणून कोरडे फोटो ओढून काढले तर चेहरेच निघून येतात. येथे त्या विटा स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवल्या, थर आपोआप सैल होऊ दिला आणि मग एकेक फोटो पाण्यातच अलगद वेगळा करून जाळीवर वाळवला. काही फोटो हाताला लागले नाहीत, पण त्याची कल्पना त्यांनी आधीच दिली होती. विशेष असे की सर्वांत जुने कृष्णधवल फोटो सर्वांत चांगल्या स्थितीत निघाले. त्यांतील प्रतिमा चांदीच्या कणांची असते. रंगीत फोटोंतील प्रतिमा रंगद्रव्यांची, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतील कागदावर निळसर रंगद्रव्य अंधारातसुद्धा विरत जाते, त्यामुळे उरलेला फोटो तांबूस दिसू लागतो. माझी मुले लहान असतानाची सगळी दुपार अशी गुलबट झालेली आहे. रंग पुन्हा समतोल करण्याचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

स्कॅनिंगचा दर फोटोमागे १५ रुपये आणि निगेटिव्हच्या एका फ्रेममागे २५ रुपये होता. न विचारल्यास ते ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने, काम उरकतात. ६०० डीपीआय मागितल्यावर कुरकुर न करता तसे करून दिले. चार बाय सहा इंचांचा मॅक्सी साइझचा फोटो ६०० डीपीआयवर २४०० गुणिले ३६०० पिक्सेलचा होतो, म्हणजे तो पुढे दुप्पट आकारातही स्वच्छ छापता येतो. हा आग्रह प्रत्येकाने धरावा.

मोठी उणीव तारखांची. पेनड्राइव्हमधील फाइली मुलाने फोनवर घेतल्या तेव्हा १९५८ सालचे माझे बारसे आणि नातवाची मुंज असे सगळे गॅलरीत एकाच आठवड्याखाली येऊन पडले, कारण प्रत्येक फाइलवर स्कॅन केल्याची तारीख होती. फोटो काढल्याचे वर्ष फाइलच्या माहितीत भरता येते, आणि दशकवार अल्बम विकणाऱ्या दुकानाने ते भरायलाच हवे. विचारले तेव्हा ‘ते आमच्या पॅकेजमध्ये येत नाही’ असे उत्तर मिळाले. फोटोंच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेला मजकूर स्कॅन करण्याचेही त्यांच्या मनात आले नव्हते. तो आम्ही सांगून करवून घेतला. माझ्या सासऱ्यांना प्रत्येक फोटोमागे तिथी आणि प्रसंग लिहिण्याची सवय होती, आणि कोणते दशक कोठे संपते याचा आमच्या घरातला तोच एकमेव भरवशाचा पुरावा आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर वाटतो. जुने फोटो ‘उजळण्यासाठी’ हा स्टुडिओ एक कृत्रिम बुद्धिमत्तेचे सॉफ्टवेअर वापरतो. नमुना म्हणून त्यांनी माझ्या आजेसासूबाईंचा फोटो दाखवला. मूळ फोटोत त्या खुर्चीच्या कडेवर ताठ बसलेल्या आहेत, डोक्यावरून पदर, ओठ मिटलेले, नजर कॅमेऱ्याच्या किंचित वर. सुधारलेल्या फोटोत कातडी गुळगुळीत झाली होती, डोळ्यांत चमक आली होती आणि ओठांच्या कडा वर गेल्या होत्या. ज्या बाईने भर तारुण्यात दोन मुले आणि नवरा गमावला, तिला त्या सॉफ्टवेअरने नव्या सुनेसारखे प्रसन्न करून टाकले होते. त्या काळी लोक फोटोसाठी हसत नसत, म्हणून ते दुःखी होते असे नाही. तरीही न हसलेल्या माणसाला हसवणे हा आयुष्याच्या हिशेबात केलेला फेरफार आहे. आम्ही हे काम साफ नाकारले. नाकारता येते, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल; मात्र आपण काही बोललो नाही तर ते करून टाकतात.

आता त्या रकान्याविषयी. घरात एकमत होणे शक्यच नव्हते. यजमानांचे मत साठच्या दशकाला, म्हणजे विलिंग्डन महाविद्यालय, क्रिकेट आणि गद्धेपंचविशी यांना. मुलामुलींचे मत ऐंशीच्या दशकाला, जे त्यांचे बालपण होते आणि माझी रात्रपाळी. उतारवयातील माणसांना आयुष्यातील प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात, असे स्मृतीच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे. तेव्हा यजमानांचे मत अपेक्षितच होते. याउलट, डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिका व युरोपातील सुमारे पाच लाख लोकांच्या उत्तरांवरून, समाधान तरुणपणी बरे असते, चाळिशीच्या मध्याला तळ गाठते आणि नंतर पुन्हा चढते, असे मांडले होते. या निष्कर्षावर पुढे बरेच वाद झाले आणि तो सर्वांना लागू पडतो असे मानण्याचे कारण नाही. पण सरळ विचारले तर एक उत्तर आणि आठवणींवरून मोजले तर दुसरेच उत्तर मिळते, ही गोष्ट आमच्या जेवणाच्या टेबलावर सिद्ध झाली.

मी पन्नाशी ते साठी हे दशक लिहिले. १९५८ चा जन्म असल्यामुळे माझ्यासाठी ते २००८ ते २०१८ असे येते. मी टेलिफोन खात्यात ट्रंक एक्स्चेंजवर, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडून देण्याच्या कामावर, लागले तेव्हा ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग कॉलच्या चिठ्ठ्या लिहीत आणि कॉर्ड लावत रात्री जात. पुढे एसटीडी, म्हणजे परगावी थेट फोन लावण्याची सोय, घरोघर पोचली, बोर्ड बंद झाले आणि मला दिवसाची टेबलाची नोकरी मिळाली. पन्नाशीत घराचे कर्ज फिटले होते, मुले पुण्यात मार्गी लागली होती, गुडघे अजून कुरकुरत नव्हते. संध्याकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जायचे, भावे नाट्यमंदिरात चांगला प्रयोग असला की ठरवून जायचे, आणि मनात आले की एसटीने नृसिंहवाडी किंवा औदुंबर गाठायचे. वाडीहून येताना कवठाच्या बर्फीचा पुडा ठरलेला. कोणाच्या परीक्षेचे, कामाच्या पाळीचे किंवा औषधाचे घड्याळ डोक्यात न वाजता दिवस उलटून जाणे म्हणजे काय, हे मला वयाच्या बावन्नाव्या-त्रेपन्नाव्या वर्षी प्रथम कळले.

अडचण अशी निघाली की या दशकाचे फोटोच नाहीत. ते डिजिटल कॅमेऱ्यावर आणि सुरुवातीच्या मोबाइलवर काढले गेले; त्यांतील काही एका बंद पडलेल्या हार्ड डिस्कमध्ये आहेत, काही वाचल्या न जाणाऱ्या सीड्यांवर, आणि काही फोनबरोबर गेले. साठ वर्षांपूर्वीच्या क्लिक थ्री कॅमेऱ्याने, एका रोलमध्ये बारा या हिशेबाने, काढलेले फोटो हातात आहेत आणि पंधरा वर्षांपूर्वीचे नाहीत. स्टुडिओच्या मुलाने यावर व्यवहारी तोडगा सुचवला : ‘‘काकू, ऐंशीचं दशक घ्या ना. आठ पानं सहज भरतील. तुमच्या या दशकात बारा फोटोही होत नाहीत.’’ त्याचे म्हणणे छपाईच्या दृष्टीने बरोबर होते. परंतु या सेवेतील मूळ गफलतही नेमकी हीच आहे. ज्या दशकाचे फोटो जास्त ते दशक आनंदाचे, असा समज अशा प्रत्येक अल्बमात नकळत छापला जातो, आणि नातवंडे पुढे तेच खरे धरून चालतात. फोटो केव्हा काढले जात होते, हे पाहिले तरी समज किती कच्चा आहे ते कळते : लग्न, बारसे, मुंज, सहल, फार तर दिवाळी. फराळ करून थकलेल्या बाईचा फोटो कोणी काढत नसे, फराळाच्या ताटाचा काढत.

याच कारणासाठी निगेटिव्ह स्कॅन करण्याची त्यांची सेवा मला सर्वांत मोलाची वाटली. ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये ३६ फोटो येत. प्रसंग तिसाव्या-बत्तिसाव्या फोटोला आटोपला की रोल धुवायला देता यावा म्हणून उरलेले फोटो घरातच कशाचेही काढून संपवले जात, आणि प्रत्येक कॉपीला पैसे पडत असल्यामुळे त्यांच्या कॉप्या कोणी काढत नसे. या स्टुडिओने आमच्या डब्यातील पट्ट्या पूर्ण स्कॅन केल्या, ‘हे नको असेल’ असे स्वतःच ठरवून एकही फ्रेम गाळली नाही. परिणामी नव्वदच्या दशकातील, आजवर कोणीच न पाहिलेले असे कितीतरी फोटो समोर आले. माझ्या आठवणीत ते दशक म्हणजे सासूबाईंचा अर्धांगवायू, मुलीची दहावी आणि पगाराची ओढाताण. एका पट्टीच्या शेवटच्या फ्रेममध्ये सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्चीत बसून डाव्या हाताने मेथी निवडत आहेत. काड्या आणि पाने एकाच ताटलीत पडली आहेत, कारण दुसरी ताटली धरायला उजवा हात नव्हता. खाली फरशीवर मुलगी बीजगणिताची वही उघडून पालथी पडली आहे आणि तिचे एक पाऊल आजीच्या पायावर बिनदिक्कत टेकलेले आहे. मी फोटोत नाही. दाराच्या काचेत फ्लॅश चमकला आहे, त्यामागे बहुधा मीच असेन. या एका फ्रेमवरून ते दशक सुखाचे होते असे मी म्हणणार नाही, ते नव्हते. पण वाईट दशकाच्या चार पानांत नुसते वाढदिवसाचे केक लावण्याऐवजी आम्ही ही फ्रेम पूर्ण पानभर लावली.

पन्नाशीच्या दशकासाठी नातेवाइकांकडून व्हॉट्सअॅपवर मागवलेले फोटो वापरावे लागले, आणि ते दबून लहान झालेले असल्यामुळे छपाईत फुटले आहेत. याचा दोष स्टुडिओकडे जात नाही, पण फोटो कमी आकारात लावण्याचा सल्ला त्यांनी द्यायला हवा होता. आठांपैकी तीन पाने आम्ही मजकुरासाठी ठेवली. देवनागरी मजकुराची जुळणी मात्र ढिसाळ होती, जोडाक्षरे तुटली होती आणि ‘नृसिंहवाडी’ची दोन वेगवेगळी रूपे एकाच पानावर होती. प्रूफ मागून घेतल्यामुळे ती सुधारता आली.

एकूण खर्च अल्बमसह साडेनऊ हजारांच्या घरात गेला. कबूल केलेल्या मुदतीपेक्षा वेळ बराच जास्त लागला, आणि फोन केल्याशिवाय काम कोठवर आले ते कळत नाही. तरीही भिजलेले फोटो किंवा जुन्या निगेटिव्ह असणाऱ्यांनी येथे जरूर जावे. ते काम हातात कसब असलेली माणसे करतात. ज्यांचे फोटो कोरडे व सुटे आहेत त्यांनी घरीच स्कॅनर आणून काम केले तर निम्म्याहून कमी पैशांत भागेल. जाताना निगेटिव्हच्या पट्ट्या कापू नयेत, फोटोंच्या पाठी स्कॅन करायला लेखी सांगावे, चेहरे सुधारायचे नाहीत असे ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्यावे, आणि तो आनंदाच्या दशकाचा रकाना दुकानात उभ्या उभ्या न भरता कागद घरी आणून भरावा. ते तसा कागद घरी नेऊ देतात.