1950 पौंड देऊन स्वतःचेच जुने पिस्टन परत घेतले

लिहायला लाज वाटतेय, पण इथे यूकेत जुन्या गाड्यांचा नाद असलेले आपले बरेच जण आहेत म्हणून लिहितो. माझी 1972 ची एमजीबी जीटी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. हिचं 1798 सीसी इंजिन आणि बाबांच्या अ‍ॅम्बेसिडरचं 1489, दोन्ही एकाच बी-सिरीज घराण्यातली. सोलापुरात बाबांच्या हातात पाने-पकड देतच मोठा झालो, त्यामुळे आपल्याला कोण गंडवणार ही मस्ती होतीच.

इंजिन नव्याने करायचं होतं. जोडणी मी करणार, फक्त मशीनिंग बाहेरच्या एका वर्कशॉपवाल्याकडे. सिलेंडर 30 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रिबोअर, म्हणजे आतून कापून मोठे, त्या मापाचे नवे पिस्टन, क्रँक 10 थाऊ ग्राइंड, नवे शेल (क्रँकच्या बेअरिंगच्या पातळ वाट्या), हेडला अनलेडेड पेट्रोलसाठी व्हॉल्व्हखाली हार्ड सीटच्या रिंगा. 600 पौंड अ‍ॅडव्हान्स, माल घेताना 1350. ट्रान्सफर केलंस तर व्हॅट लावत नाही म्हणाला. 390 पौंड वाचत होते, तुम्हीही गप्पच बसला असतात. बिलाच्या जागी हाताने खरडलेला कागद. (क्रेडिट कार्डाने द्या रे, 100 पौंडांच्या वरच्या मालाला कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते.)

पिस्टन घालायच्या आधी बोअरमध्ये बोट फिरवत होतो आणि वरच्या कडेच्या जरा खाली नख अडकलं. रिंगा वर्षानुवर्षं घासून तिथे जी पायरी पडते ती रिबोअर केल्यावर राहूच शकत नाही, आणि हे मला माहीत होतं. माहीत होतं! पिस्टनच्या डोक्यावर ओव्हरसाइजचा, म्हणजे वाढीव मापाचा, शिक्काही नव्हता. फोन केला तर म्हणे हल्ली पिस्टन असेच येतात, कडेला होनिंगचा बर (घासताना उरलेली धार) असेल, पॉलिश पेपर मार. आणि मी मारला, स्वतःच्या हाताने पुरावा घासला. दोन वर्षं इंजिन स्टँडवर, बायको रोज गॅरेज कधी मोकळं होणार विचारतेय, माणसाला संपवायचंच असतं तेव्हा डोळे असून दिसत नाही.

शेल त्याने तेल लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दिलेले, मी पुसून पाठ बघितलीच नाही. तुम्ही बघा, साइज पाठीवरच असते. क्रँकच्या मेन बेअरिंगच्या बोल्टना 70 फूट-पाउंड टॉर्क अगदी मन लावून दिला, कचऱ्याला.

200 मैलात गरम इंजिनला आयडलवर ऑइल प्रेशर जेमतेम 5 पीएसआय, मागे निळा धूर. उघडलं तर शेलच्या पाठीवर एसटीडी, म्हणजे मूळ माप; क्रँक ग्राइंड केलाच नव्हता, नुसता पॉलिश. पिस्टन माझेच, ब्लास्टिंग करून चकचकीत केलेले. हेडमध्ये सीटच्या रिंगाच नाहीत. दुसऱ्या मशीनिस्टने मोजून लेखी दिलं, त्याचे 180 वेगळे.

पोलिसांनी ऑनलाइन फॉर्म भरून घेतला, रेफरन्स नंबर दिला, आणि सहा आठवड्यांनी दोन ओळी की हा सिव्हिल मॅटर आहे. अरे, न घातलेल्या पिस्टनचे पैसे घेणं ही चोरी नाही तर काय आहे? बँक म्हणते माल मिळालाय ना, मग हा स्कॅम नाही, तुमच्या दोघांतला वाद. ग्राहक हेल्पलाइनवर 40 मिनिटं ती पिपाणी ऐकली, मग बाई म्हणाल्या आम्ही माहिती पुढे पाठवतो, एकेकाची केस घेत नाही. मग घेता कोणाची? प्रत्येक जण गोड आवाजात सॉरी म्हणतो आणि पुढच्या खिडकीकडे बोट दाखवतो, अगदी आपल्या तहसील कचेरीसारखं, फक्त इथे चहा नाही.

जुने सुटे भाग टाकू नका, आणि ब्लॉक द्यायच्या आधी बोअरचे फोटो काढून ठेवा, मी काढले नव्हते.

शेवटी कोर्टात स्मॉल क्लेम (छोट्या रकमेचा दिवाणी दावा) टाकलाय, 115 पौंड फी भरून. जजने व्हॅटचं विचारलं तर काय सांगायचं ते अजून ठरत नाहीये.