अंबडमधलं जुन्या पोर्शेवालं गॅरेज: मिसिंग, कॉइल आणि बिलाचा हिशोब

पहिलंच सांगून टाकतो. इथे गाडीला काय झालंय ते नुसतं शोधायचे ३,५०० रुपये घेतात, आणि काही सापडलं नाही तरी घेतात. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी पुढचं वाचण्यात वेळ घालवू नये. मला पटलं, कारण त्याआधी दुसऱ्या एका शहरातल्या चकाचक वर्कशॉपने तपासणीचा एक रुपया न घेता, वर कॉफी पाजून, ३ लाख ८५ हजारांचं कोटेशन हातात ठेवलं होतं.

गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण दादांनीच हात जोडले. (मालक, मेकॅनिक आणि बिल करणारा माणूस एकच.) म्हणाले, "शेठ, नाव नका टाकू, लिफ्टवर आधीच जागा नाही." अंबड एमआयडीसीतलं आतल्या गल्लीतलं शटर आहे, एवढं पुरे. नाशिकमध्ये अशी गाडी बाळगणारे मोजके लोक आहेत आणि सगळे एकमेकांच्या व्हॉट्सअॅपवर आहेत, कुणालाही विचारा.

गाडी २००७ ची पोर्शे बॉक्सस्टर, २.७ लिटर, २४५ हॉर्सपॉवर, सेकंडहँड घेतलेली. मी पिंपळगाव बसवंतचा द्राक्षवाला. एका चांगल्या सीझनला घेतली आणि तेव्हापासून वडील दर बिलाला एकच वाक्य बोलतात: "या पैशात (बागेत औषध फवारायचा) नवा ब्लोअर आला असता." ते चूक नाहीत. पण ब्लोअर घेऊन कसारा घाटात कुणी मजा करायला जात नाही.

तर तक्रार अशी होती. पावसाळ्यात इगतपुरीच्या पुढे गाडी झटके खायला लागायची. थंड असताना सुरू केली की पहिली मिनिट-दोन मिनिटं थरथर, मग ठीक. घाटात तिसऱ्या गियरवर पाय दाबला की मिसिंग (इंजिनचे ठोके चुकणं), आणि चेक इंजिनचा दिवा उघडझाप करायचा. हा दिवा सतत पेटून राहणं वेगळं आणि उघडझाप करणं वेगळं, हे ज्यांच्याकडे कुठलीही पेट्रोल गाडी आहे त्यांनी लक्षात ठेवावं. उघडझाप म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतच नाहीये आणि ते तसंच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा डबा) जाऊन तिथे जळतंय. आतली जाळी तापून वितळते. कॉइल (प्लगला ठिणगीची वीज पुरवणारा पार्ट) हजारांत येते, कन्व्हर्टर लाखांत. त्यामुळे दिवा लुकलुकला की पाय हलका करायचा आणि बाजूला घ्यायची. मी घेतली, आणि गाडी टोइंगवरच घरी आणली.

आधीच्या वर्कशॉपने स्कॅनर लावला, पी-०३०० आणि पी-०३०४ हे कोड आले, आणि यादी बनवली: सहा कॉइल, सहा प्लग, दोन्ही कन्व्हर्टर, वर इंजिनचा कंट्रोल युनिट (म्हणजे त्याचा कॉम्प्युटर) "संशयास्पद". गाडी उचलून खाली कुणी बघितलंही नव्हतं. पी-०३०० म्हणजे कुठेतरी मिसफायर (तेच मिसिंग) होतोय, पी-०३०४ म्हणजे चौथ्या सिलिंडरमध्ये होतोय. कोड एवढंच सांगतो. कॉइल खराब, प्लग खराब, वायर कुरतडलेली, इंजेक्टर चोंदलेला की कॉम्प्रेशन गेलेलं, हे तो सांगत नाही. ते माणसाने शोधायचं असतं.

अंबडला दादांनी स्कॅनर बाजूला ठेवून आधी बॅटरीला मीटर लावला. माझी गाडी आठवडेच्या आठवडे शेडमध्ये उभी असते, आणि व्होल्टेज पडलं की या गाड्या वाट्टेल ते कोड फेकतात. बॅटरी १२.५ दाखवत होती, सेल्फ मारताना १० च्या खाली गेली नाही. पास. मग टॉर्च घेऊन वायरिंगवर उंदरांचे दात आहेत का ते पाहिलं. शेतावरची गाडी म्हटल्यावर हा प्रश्न आलाच पाहिजे, आणि आधी कुणी विचारला नव्हता. उंदीर नव्हते. मग स्कॅनर. त्यातही कोड वाचून थांबले नाहीत. इंजिन चालू ठेवून प्रत्येक सिलिंडरचे मिसफायर मोजणारा आकडा आणि दोन्ही बाजूंचं फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) बघत बसले. मी ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर संशय घेऊन गेलो होतो. २००७ ची गाडी काही ई२० डोळ्यांसमोर ठेवून बनलेली नाही, हे खरंच आहे. पण दादांचं उत्तर सरळ होतं: पेट्रोल खराब असतं तर सहाही सिलिंडर रडले असते, इथे एकटा चौथा रडतोय आणि ट्रिम दोन्हीकडे जागेवर आहे. पंप नाही, पेट्रोल नाही, हवेची गळतीही नाही.

आता ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी. हिचं इंजिन दिसतच नाही. पुढचं बॉनेट उघडलं तर डिकी, मागचं उघडलं तरी डिकी. इंजिन सीटांच्या मागे आडवं झोपलेलं, तीन सिलिंडर या अंगाला, तीन त्या अंगाला, आणि प्लग-कॉइल इंजिनच्या दोन्ही कुशींना, खालच्या बाजूला. शेजारी सायलेन्सरचे तापलेले पाइप, आणि मागच्या चाकांनी उडवलेलं पाणी थेट तिकडेच जातं. तापायचं, त्यावर गार पाणी, परत तापायचं. पंधरा-सतरा वर्षं हे सोसून कॉइलच्या प्लास्टिकला तडा गेला नाही तरच नवल. त्यातून इगतपुरीचा पाऊस. त्यामुळे "पावसातच का?" याचं उत्तर गाडी लिफ्टवर चढायच्या आधीच निम्मं मिळालेलं होतं.

चाकं काढली, खालचं कव्हर काढलं. चौथ्या सिलिंडरची कॉइल दोन बोल्ट सोडून बाहेर आली आणि ती पाचव्यावर लावली, पाचव्याची चौथ्यावर. दुसरं काही बदललं नाही. गाडी चालू केली, आकडा बघितला, आणि मिसफायर चौथा सोडून पाचव्यावर जाऊन बसला. खराबी कॉइलबरोबर चालत गेली म्हणजे कॉइल दोषी. जागेवर राहिली असती तर प्लग, वायर, इंजेक्टर असा पुढचा शोध घ्यावा लागला असता. एवढ्या साध्या चाचणीला ना लाखाचं मशीन लागतं, ना कंट्रोल युनिट बदलावा लागतो.

त्यानंतर जे केलं ते मी मुद्दाम थांबून पाहिलं. शटर अर्धं खाली ओढलं, दिवे बंद केले, इंजिन चालू ठेवलं आणि झाडांवर पाणी मारायच्या साध्या स्प्रेच्या बाटलीने एकेका कॉइलवर बारीक तुषार मारले. पाचव्या जागेवरच्या त्या कॉइलवर पाणी पडताच निळी ठिणगी तिच्या अंगावरून सरसरत धातूकडे गेली, टिक टिक आवाज करत. आणखी एक, दुसऱ्या नंबरची, तीही हलकीशी चमकली, जिचा कोड अजून आलाच नव्हता. बाहेर काढल्यावर दादांनी अंगठ्याच्या नखाने कॉइलच्या मानेवरचा तडा दाखवला. केसाएवढा. पुसल्याशिवाय दिसत नव्हता. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ होती, वीज रोज त्याच वाटेने पळाल्याची. (घरी स्प्रेचा हा प्रयोग करू नका. इग्निशनची वीज हजारो व्होल्टची असते, आणि खाली पट्टे-पंखे फिरत असतात.)

दुसरी तक्रार मी सांगायलाच विसरलो होतो, बोलता बोलता निघाली. घोटीला चहाला थांबलं की गरम गाडी परत सुरू व्हायची नाही. सेल्फ जोरात फिरायचा, इंजिन उचलायचं नाही, अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखं सुरू. दादांचा पहिला प्रश्न: "सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का?" गाडी तापवून बघितलं तर काटा ढिम्म, आणि स्कॅनरवरही आरपीएम शून्य. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळतच नव्हतं, मग तो ठिणगी कशाला देईल? दोषी होता क्रँक सेन्सर, इंजिनचं फिरणं कॉम्प्युटरला कळवणारा. तापला की आतली तार सुटते, गार झाला की जुळते. खात्रीसाठी सेन्सरवर गार पाण्याचा बोळा धरला आणि गाडी पहिल्या सेल्फला उठली. हा सेन्सर त्या ३ लाख ८५ हजारांच्या यादीत कुठेच नव्हता. म्हणजे एवढे पैसे ओतूनही मी घोटीला चहावाल्याकडे बसूनच राहिलो असतो.

आता जिथे माझं आणि दादांचं पटलं नाही ते. त्यांचं म्हणणं, खराब दोनच कॉइल बदला, बाकी चार ठणठणीत आहेत. माझं म्हणणं, सहाही एकाच वयाच्या, एकाच उष्णतेत शिजलेल्या, आणि दर वेळी चाकं-कव्हर काढायची मजुरी मीच देणार. "पैसे तुमचे," म्हणत त्यांनी सहाही लावल्या, पण चेहरा नाराज. चांगल्या चार जुन्या कॉइल पिशवीत घालून, त्यावर मार्करने नंबर टाकून परत दिल्या. त्या आता पुढच्या डिकीत असतात. मला अजूनही माझंच बरोबर वाटतं. मात्र कुठल्या मेकॅनिकने मला कमी पार्ट घ्या म्हणून आग्रह केल्याचं आठवत नाही.

प्लगच्या बाबतीत मात्र त्यांनी ऐकून घेतलं नाही. चार इलेक्ट्रोडवाले, या इंजिनला जे सांगितलेत तेच. किलोमीटर कमी आहेत म्हणून प्लग नवेच असतात असं नाही, ते वर्षांवरही बदलायचे असतात. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच काढले, कारण हेड अॅल्युमिनियमचं, गरम असताना जोर लावला तर आटे घेऊन बाहेर येतात. बसवताना आधी नुसत्या बोटांनी, शेवटी टॉर्क पान्याने ३० न्यूटन मीटर.

बिल जीएसटीसकट: तपासणी ३,५००, सहा कॉइल ४६,८००, सहा प्लग ८,१००, क्रँक सेन्सर ६,५००, मजुरी ९,०००. एकूण ७३,९००. पार्टचे बॉक्स समोर उघडले, जुने पार्ट परत दिले, बिलावर पार्ट नंबर लिहिले. कन्व्हर्टरचं तापमान आधी आणि नंतर मोजून दाखवलं, ते शाबूत आहेत.

७३,९०० ही काही छोटी रक्कम नाही, आणि जुनी पोर्शे घ्यायच्या विचारात असणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. गाडी जुनी होत जाते तशी तिची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. आज ही गाडी नव्या एसयूव्हीच्या भावात मिळू शकते, पण बिल येतं ते तिच्या शोरूमच्या दिवसांतल्या ऐपतीचं. एका ऑइल बदलाला आठ लिटरच्या आसपास सिंथेटिक ऑइल जातं. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद, त्यामुळे चारही आलटून-पालटून वापरता येत नाहीत. पंधरा वर्षं उलटली की आरटीओत रिपासिंग आणि ग्रीन टॅक्स आला. आणि बॉक्सस्टर असेल तर कापडी छताच्या पाण्याच्या नळ्या पावसाळ्याआधी साफ करायच्या, नाहीतर पाणी सीटखाली. मी वर्षाला दीड लाख बाजूला काढून ठेवतो आणि काही वर्षी ते उरतात. ज्याला एवढे बाजूला काढून झोप लागत नसेल त्याने ही गाडी मित्राची चालवावी.

गॅरेजबद्दल तक्रारी आहेतच. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सअॅपला संध्याकाळी उत्तर येतं आणि तेही "बघतो" एवढंच. नंबर लागायला वाट पाहावी लागते. पार्ट बाहेरून येतात, कधी येतील याची तारीख विचारली की आकाशाकडे बघतात. बसायला एक प्लास्टिकची खुर्ची, शेजारी कॉम्प्रेसर. गाडी धूळ बसलेल्या अवस्थेत परत मिळते. धुवून हवी असेल तर आपली आपण. पेंट, डेंटिंग, एसी, गिअरबॉक्सचं आतलं काम ते घेत नाहीत, आणि घेत नाही म्हणून तोंडावर सांगतात.

जायचं असेल तर गाडी संध्याकाळी नेऊन ठेवा, कारण सकाळचं थंड स्टार्ट त्यांना स्वतः ऐकायचं असतं. आणि निघण्याआधी कुणाकडूनही कोड पुसून घेऊ नका. पुसले तर ते कोड परत येईपर्यंत गाडी तिथेच राहते. शटरसमोरचा रॅम्प उंच आहे, जमिनीलगतच्या बुटक्या गाड्यांनी तिरकं चढावं.