बिल २ एमबीपीएसचं, लाईन ५१२ चीच! अपग्रेडच्या नावाखाली लागलेला चुना

ज्यांना कोणाला सारखे प्लॅन वाढवा, स्पीड वाढवा म्हणून फोन येतायत त्यांच्यासाठी लिहितोय. प्रकरण जुनं आहे, २००५ च्या आसपासचं, म्हणजे डीएसएलच्या (टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या नेटच्या) जमान्यातलं, पण गंडवायची पद्धत आजही तीच आहे, फक्त तांब्याच्या तारेच्या जागी फायबर आलंय. कंपनीचं नाव घेत नाही. तुमच्यापैकी अर्ध्यांना आपलीच कंपनी वाटेल.

तर आधी डायल-अप होतं, ५६ के चा मोडेम, नेट लावलं की घरचा फोन एंगेज आणि कोणी रिसीव्हर उचलला की नेट गुल. त्यातून सुटका म्हणून लँडलाईनवरच ५१२ केबीपीएसचं ब्रॉडबँड घेतलं. खरं सांगायचं तर ते ठीक चालत होतं, तक्रारीला जागा नव्हती. मग एक दिवस कंपनीतून फोन आला, सर तुमच्या भागात आता २ एमबीपीएस आलंय, चौपट स्पीड, मोडेम तोच, माणूस यायची गरज नाही, फक्त फोनवर हो म्हणा. मी हो म्हणालो. आता त्या हो मध्ये एक वर्षाचा करार परत पहिल्यापासून चालू होतो हे त्या गोड आवाजाच्या बाईंनी सांगितलं नाही, ते नंतर कळलं.

बिल त्याच दिवसापासून वाढलं. स्पीड काय वाढलं नाही.

हेल्पलाइनला फोन केला तर पहिलं उत्तर, सर तुम्ही किलोबाइट बघताय, आम्ही किलोबिट देतो. आता हे खोटं नाहीये. आठ बिटचा एक बाइट, त्यामुळे २०४८ केबीपीएस म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त २५६ केबी, त्यातून ओव्हरहेड (डेटासोबत जाणारी जास्तीची माहिती) जाऊन हातात २२०-२३० पडायला पाहिजे. ५१२ ला हाच हिशोब ६४ चा, हातात ५५-५८. मला किती मिळत होतं? ५५. म्हणजे त्यांनी सांगितलेलं गणित बरोबर होतं, आणि त्याच गणिताने मला जुनाच प्लॅन मिळतोय हे सिद्ध होत होतं, पण हे त्या पोराला समजावून सांगेपर्यंत त्याने दुसरं कारण काढलं.

आणि इथेच खरी गोम आहे बघा. त्यांनी दिलेलं एकही कारण धादांत खोटं नव्हतं. फिल्टर बसवलाय का प्रत्येक फोनला? बरोबर आहे, फिल्टर नसेल तर फोन आणि डीएसएल एकमेकांच्या पायात पाय घालतात. घरातलं वायरिंग जुनं असेल. असतं. टेलिफोन एक्स्चेंजपासून लांब असाल. तार जितकी लांब तितका सिग्नल मार खातो हेही खरं. व्हायरस असेल. २००३ ला ब्लास्टर आणि पुढच्या वर्षी सॅसर येऊन गेले होते, नुसतं नेट जोडलं तरी पीसी बाद होत होते, त्यामुळे व्हायरस म्हटलं की आपणच गप्प बसायचो. संध्याकाळी लोड असतो. असतोच, एकच बँडविड्थ पन्नास घरांत वाटायची, ५०:१ असं बऱ्याच ठिकाणी तेव्हा उघड छापलेलं असायचं. सगळं खरं, फक्त माझ्या लाईनला त्यातलं काहीच लागू नव्हतं. आणि ते माझ्या लाईनला लागू आहे की नाही हे बघायचे आकडे त्यांच्या स्क्रीनवर होते, माझ्या नाही, निदान मला तेव्हा तसं वाटत होतं.

प्रत्येक वेळी तेच. मोडेम बंद करा, दोन मिनिटं थांबा, चालू करा, आता बघा. तक्रार नंबर घ्या. दुसऱ्या दिवशी मेसेज, आपली तक्रार निवारण झाली आहे. कोणी निवारली, काय निवारली, ताकास तूर नाही. परत फोन केला की नवीन माणूस, नवीन तक्रार, परत फिल्टरपासून सुरुवात.

शेवटी एका मित्राने सांगितलं की अरे मोडेमच्या आतलं पान उघड. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, युजरनेम-पासवर्ड दोन्ही ॲडमिन, आणि त्यात लाईन स्टेटस म्हणून एक पान असतं. हे पान बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. तीन आकडे होते, तेवढे समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावरच आहे. अटेन्युएशन, म्हणजे तारेत सिग्नल किती मार खातो ते, ३८ डीबी (डेसिबल). साधारण १३-१४ डीबीला एक किलोमीटर तार धरतात, म्हणजे मी एक्स्चेंजपासून तारेने तीनेक किलोमीटरच्या आत, म्हणजे पुरेसा जवळ. नॉइज मार्जिन २७. हा मार्जिन म्हणजे लाईनमध्ये उरलेली हवा समजा, ६ च्या आसपास असला तरी कनेक्शन चालतं, माझ्याकडे २७, म्हणजे लाईन अजून कितीतरी पेलू शकत होती. आणि तिसरा आकडा, डाउनस्ट्रीम रेट, म्हणजे एक्स्चेंजकडून मोडेमकडे येणारा वेग, ५७६ केबीपीएस.

५७६ कुठून आलं? तर ५१२ च्या प्लॅनला वरचा ओव्हरहेड धरून एक्स्चेंजमधून ५७६ सेट करतात. जुन्या एडीएसएलमध्ये (डीएसएलचाच एक प्रकार) हा रेट ३२ च्या पटीतच जातो, ५७६ म्हणजे ३२ गुणिले १८. तारेमुळे स्पीड कमी असता तर मोडेम रीस्टार्ट केल्यावर आकडा थोडा तरी इकडेतिकडे झाला असता, आज १६३२, उद्या १५६८ असं काहीतरी, आणि मार्जिन तळाला गेला असता. माझा आकडा सकाळी ५७६, रात्री ५७६, पावसात ५७६, फोन वाजत असताना ५७६. आणि मार्जिन २७ वर निवांत बसलेला. म्हणजे तार नाही, फिल्टर नाही, व्हायरस नाही, वरून कोणीतरी कुलूप लावलेलं होतं आणि ते काढलंच नव्हतं.

लाईनमन आला (तो भला माणूस निघाला), त्याने त्याचं मशीन लावलं आणि सरळ बोलला, सर तुमच्या लाईनला काही झालेलं नाही, वरून प्रोफाइलच (लाईनला ठरवून दिलेला स्पीड) बदललेलं नाही, आमच्याकडे तशी ऑर्डरच आली नाही. मग कळलं की बिलिंगची सिस्टीम वेगळी आणि नेटवर्कची वेगळी. विकणाऱ्याने हो घेतलं की बिलिंगमध्ये बटन दाबलं जातं, त्याला त्याचं कमिशन सुटतं, नेटवर्कवाल्यांकडे काम पोचलं की नाही हे कोणी बघत नाही. म्हणून हेल्पलाइनचा प्रत्येक माणूस छातीठोकपणे सांगायचा की सर आमच्याकडे २ एमबी दिसतंय. दिसत होतंच ना, बिलाच्या स्क्रीनवर!

काही जण म्हणतील ही फसवणूक नाही, गलथानपणा आहे. असेल बाबा. पण मग कधीतरी उलटा गलथानपणा पण झाला असता, स्पीड वाढलं आणि बिल वाढायचं राहून गेलं असं झालेला एकही माणूस मला अजून भेटायचाय. आणि लाईनमनला पाच मिनिटांत जे दिसलं ते इतके दिवस तक्रारी बंद करणाऱ्यांना दिसलं नाही यावर माझा तरी विश्वास नाही.

मग मी फोन करणं बंद केलं आणि लेखी दिलं. मोडेमच्या त्या पानाचे वेगवेगळ्या तारखांचे प्रिंट काढले, बिलाच्या कॉपी जोडल्या, ऑफिसात जाऊन दिलं आणि माझ्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घेतली. शिक्का द्यायला टाळाटाळ करतात, साहेब जेवायला गेलेत, उद्या या, असं सगळं होतं, पण शिक्क्याशिवाय हलायचं नाही. त्यानंतर कोणी घरी आलं नाही, तारेला कोणी हात लावला नाही, आणि एका संध्याकाळी कनेक्शन क्षणभर तुटून परत आलं, पान उघडून बघतो तर २२७२. डाउनलोड लावलं, २२८ केबी. इतकं सोपं काम होतं ते. त्याच्यासाठी मला पार माझा पीसी फॉरमॅट करायला लावला होता या लोकांनी.

पैसे परत मागितले तर म्हणे लेखी तक्रारीच्या तारखेपासूनचे देतो, आधीचे नाही, कारण आधीच्या सगळ्या तक्रारी निवारण झालेल्या दाखवतायत. म्हणजे त्यांनीच बंद केलेल्या तक्रारी हाच त्यांचा पुरावा. खूप भांडलो, उपयोग झाला नाही, तेवढ्यावरच मिटवावं लागलं. कनेक्शन बंद करतो म्हणालो तर वर्षाचा करार पुढे केला. वर्ष संपल्यावर सोडलं, तर मोडेम परत केलेला असूनही मोडेमचे पैसे लावले, ते मात्र परत केल्याची पावती होती म्हणून सुटलो. ती पावती मागून घ्या, स्वतःहून देत नाहीत.

हे सगळं आत्ता उकरून काढायचं कारण म्हणजे ओळखीतल्या एकाने फायबरचा ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय आणि लॅपटॉपला केबल लावून कधीही टेस्ट केली तरी ९४ येतं. वायफायवर तेवढंच. हेल्पलाइनवाले सांगतायत लॅपटॉप जुना आहे, घराच्या भिंती जाड आहेत. मी म्हटलं आकडा सारखा ९४ वरच अडकतोय ना, मग भिंती सोड, राउटर उलटा करून मॉडेल नंबर बघ. बघितलं तर कंपनीने दिलेल्या राउटरचे पोर्टच १०० एमबीपीएसचे. १०० च्या पोर्टमधून ९४ च्या वर कधीच येत नाही, मागून ३०० सोडा नाहीतर हजार सोडा. आता कंपनी म्हणतेय गिगाबिटवाला (१००० एमबीपीएसच्या पोर्टचा) राउटर पाहिजे तर वेगळे पैसे भरा. त्याला मी लेखी द्यायला लावलंय, केबल लावलेल्या टेस्टचे स्क्रीनशॉट आणि राउटरच्या खालच्या स्टिकरचा फोटो जोडून. उत्तर यायचंय अजून.