नाशिकरोडचा प्रसूतीपूर्व वर्ग: नवऱ्यांनी चुकवू नये

पाचपैकी चार तारे. एक कापला तो स्टेम सेल बँकेवाल्यामुळे, त्याचं खाली सांगतो.

आम्ही सिन्नरचे, मी माळेगाव एमआयडीसीत शिफ्टला. बायकोचं नाव नाशिकरोडच्या एका मॅटर्निटी होममध्ये घातलेलं. तिथे आठवा लागला की शनिवारी वर्गाला बोलावतात, नवऱ्यासकट. पहिला अर्धा तास आहार, श्वास, व्यायाम. मोबाईलवर बघून झालेलंच सगळं.

मग लेबर रूमच्या सिस्टर आल्या. त्यांनी मूठ आवळली की कळ आली, सोडली की गेली. आम्ही नवऱ्यांनी मोजायचं. बहुतेकांनी एक कळ संपल्यापासून दुसरी येईपर्यंतची वेळ धरली. तसं नाही, सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत धरायची. जोर कळायला पोटावर हात ठेवा म्हणाल्या: नाकाच्या शेंड्याइतकं मऊ लागलं तर हलकी, हनुवटीइतकं तर मध्यम, कपाळासारखं टणक तर जोराची. चाललं, पाणी पिऊन कुशीवर पडलं की विरतात त्या खोट्या. खऱ्या कळांचं अंतर कमीच होत जातं.

पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी कळ, ती मिनिटभर टिकणारी, आणि हे तासभर चालू, म्हणजे निघायचं. "पण हा हिशेब गावात राहणाऱ्यांचा," सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या. "सिन्नरवाल्यांनी आणि दुसरी खेप असणाऱ्यांनी आधीच फोन करायचा."

सगळ्यात उपयोगाचे ठरले टेबलावरचे तीन पॅड. एकावर साधं पाणी, दुसऱ्यावर गुलाबी चिकट डाग, तिसऱ्यावर हिरवट पाणी. नुसता गुलाबी चिकटा दिसला तर पिशवीचं तोंड उघडायला लागलं असेल, घाबरायचं नाही, कळांवर लक्ष ठेवायचं. पाणमोट फुटली तर कळा नसल्या तरी निघायचं. पाणी हिरवट असेल तर बाळानं आत शी केलेली असू शकते, मग एक मिनिट घालवायचं नाही. लालभडक रक्त, बाळाची हालचाल मंदावणं, 37 आठवड्यांआधीच्या कळा, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काहीही झालं तरी घड्याळ लावत बसायचं नाही. गाडी नसेल तर 108 लावा.

आमच्याकडे कळा रात्री सुरू झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "पहिलं आहे, वेळ लागतो, चहा घेऊन निघू." अंतर आठ मिनिटांवर आलं, पोट कपाळाइतकं टणक. लेबर रूमला फोन लावला, तिकडून "या" म्हणाले. चहा राहिला. शिंद्याच्या टोलपर्यंत अंतर सहावर आलं होतं. दवाखान्यात पोचलो तेव्हा पिशवीचं तोंड चार सेंटीमीटर उघडलेलं. मुलगी झाली, नॉर्मल.

आता तक्रार. सिस्टरांचं संपतं न संपतं तोच नाळेतलं रक्त साठवणाऱ्या कंपनीचा माणूस माइक घेऊन उभा राहिला. हप्ते, सवलत, "आजच बुक केलंत तर". नवव्याच्या उंबऱ्यावरच्या बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अवघडून बसलेल्या आणि हा दार अडवून. मालकांनी हे बंद करावं.

नाव घातलेलं असेल तर वर्ग फुकट. लेबर रूमचा थेट नंबर कार्डावर लिहून देतात, तो दोघांच्याही फोनमध्ये टाका. वर्गात सोबत एकाच माणसाला बसू देतात, तिथे सासूबाईंनाही सोडायला हवं. निघायचं कधी हे आमच्याकडे त्याच ठरवतात.