कार्ट्रिज, सेफ्टी रेझर की ट्रिमर? गळ्याला विचारून ठरवा

माझे गाल कुठलाही रेझर मुकाट सोसतात. कुरकुर असते ती गळ्याची, त्यातही डाव्या जबड्याखालच्या दोन बोटं रुंद पट्टीची. तिथले केस वरून खाली न उगवता कानाकडून कंठमण्याकडे आडवे उगवतात, हे माझ्या लक्षात यायला चाळिशी उजाडावी लागली. तोवर मी त्या पट्टीवरून रोज सकाळी खालून वर पातं ओढत होतो आणि दुपारपर्यंत गळा चोळत बसत होतो.

पाच पात्यांचं कार्ट्रिज मी नऊ-दहा वर्षं वापरलं, ट्रिमर सहा महिने, आणि दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर गेली चार वर्षं. तेव्हा पुढचं सगळं एका गळ्याचा अनुभव म्हणून वाचा. तुमचा गळा वेगळा असू शकतो.

आधी आपल्याला नक्की काय होतंय ते ओळखा. दाढी झाल्या झाल्या आग, लालसर पट्टे, आणि संध्याकाळपर्यंत किंवा फार तर एक-दोन दिवसांत सगळं शांत, तर कातडी खरवडली गेली आहे एवढंच. पण दोन-तीन दिवसांनी टोकदार पुटकुळ्या येत असतील आणि एखादीत काळा केस वळून बसलेला दिसत असेल, तर कापलेला केस पुन्हा कातडीतच घुसला आहे. पहिल्या त्रासावर हात हलका करून भागतं. दुसऱ्याला बहुतेक वेळा हत्यारच बदलावं लागतं.

कार्ट्रिजला नावं ठेवायला माझी जीभ सहज रेटत नाही. घाईच्या सकाळी त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. डोकं वळतं, कापण्याची भीती नाही, अर्धवट झोपेतही दाढी होते. 1971 मध्ये दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं, 1998 मध्ये तीन, 2006 मध्ये पाच. यामागची कल्पना अशी की पुढचं पातं केसाला किंचित वर खेचतं आणि तो परत आत सरकायच्या आत मागचं पातं त्याला कापतं. त्यामुळे कापलेलं टोक कातडीच्या पातळीखाली जातं. गालावर याचाच फायदा मिळतो: हात फिरवला की काचेसारखं गुळगुळीत. केस वाकडा किंवा आडवा उगवणारा असेल तिथे मात्र हेच टोक बाहेर यायची वाट चुकतं आणि आतल्या आत वळतं.

माझं सगळं गणित इथेच फिरलं. दर रविवारी दुपारी मी खिडकीत आरसा टेकवून, चष्मा कपाळावर सरकवून, चिमट्याने गळ्यातले केस शोधत बसायचो. एक काढला की शेजारी दुसरा. काढलेल्या जागी काळपट डाग राहायचा तो वेगळाच. सोमवारी त्याच पट्टीवर शर्टाची कॉलर घासायची, ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम झिरपायचा आणि अकरा वाजेपर्यंत पांढऱ्या कॉलरवर तांबडा ठिपका उमटलेला असायचा. बायको विचारायची, "आज परत मांजराशी भांडलास का?" महागातली जेल आणून पाहिली, क्रीम बदललं, कार्ट्रिज लवकर टाकून पाहिलं. आग कमी झाली, पण रविवारचा चिमटा काही सुटला नाही. दाढीला सकाळी सात मिनिटं लागोत की सतरा, माझी तक्रार नाही. पण सुट्टीची दुपार स्वतःच्या गळ्याचं उत्खनन करण्यात जावी, हे मला सोसेना.

ट्रिमरकडे वळलो तो याच वैतागातून. पुटकुळ्यांपुरतं बोलायचं तर सर्वांत निर्धोक तोच. केस कातडीच्या वर राहतो, मग आत वळणार कसा? ज्यांच्या पुटकुळ्या पिकतात, त्यांनी आधी हाच मार्ग धरावा आणि त्वचेच्या डॉक्टरांनाही दाखवावं. माझी अडचण क्षुल्लक होती. अर्धा मिलिमीटर खुंट कायम राहतो आणि तो मला दिवसभर टोचतो. शिवाय चेहरा आजारातून उठल्यासारखा दिसतो. ज्यांना खुंट शोभतो, त्यांना हा आढावा वाचायची गरजच नाही.

राहिला सेफ्टी रेझर, वडिलांच्या डब्यातला. पातं एकच, त्यामुळे वर खेचून खाली कापण्याचा प्रकार नाही. केस साधारण कातडीच्या पातळीला तुटतो आणि वाट चुकायची शक्यता कमी होते. दाब मात्र अजिबात द्यायचा नाही. दांड्याचं वजनच पुरतं, पातं साधारण तीस अंशात टेकवायचं. कार्ट्रिजची सवय असलेला हात नेमका इथेच चुकतो. पहिले पंधरा दिवस माझ्या हनुवटीवर कागदाचे कपटे चिकटलेले असायचे, हे कबूल करतो. घाई अंगात मुरलेल्या माणसाला तो कदाचित मानवणार नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर त्याच्या वाट्याला न गेलेलंच बरं.

खर्चाचं थोडक्यात: दुधारी पातं वडापावपेक्षा स्वस्त पडतं. कार्ट्रिजचं डोकं महाग म्हणून आपण ते महिनाभर ताणतो आणि बोथट पात्याची शिक्षा गळ्याला होते. हल्ली पाच दाढ्या झाल्या की मी पातं बदलतो आणि मनाला काही वाटत नाही.

हत्यार कुठलंही घ्या, केस दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने भिजू द्या. दाढी फक्त सुलटी करा, म्हणजे केस ज्या दिशेने उगवतात त्याच दिशेने पातं ओढा. सलूनमधल्या गुळगुळीत गळ्याचा मोह पडतो, पण उलटी फिरवली की माझ्यासारख्यांचा आठवडा वाया जातो. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं जड पाणी येतं आणि साबणाचा फेस धरतच नाही. तेव्हा मी फिल्टरचं मगभर पाणी बाजूला काढून ठेवतो. घरात यावरून हसतात.

दाढीनंतर काय लावायचं, यावर प्रत्येकाचं ठाम मत असतं. अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह झोंबतं म्हणजे काम करतं, असं मीही मानायचो. कातडीतली उष्णता ओळखणारी एक यंत्रणा एरवी बेचाळीस अंशांच्या आसपास जागी होते. अल्कोहोल तिचा उंबरठा चौतीसच्या आसपास आणतं, म्हणून आपल्याच अंगाची ऊब चटक्यासारखी भासते. जंतू मेले की नाही याचा त्या झोंबण्याशी संबंध नाही. तुरटी मला आवडते, पण कापलेल्या जागेपुरतीच. ती तिथलं रक्त थांबवते, पूर्ण गळ्यावर घासली तर कातडी ओढल्यासारखी कोरडी पडते. अर्ध्या मिनिटाने ती धुऊन टाकतो. कुंडीतली कोरफड वापरणार असाल, तर पान कापून उभं ठेवा आणि पिवळा चीक आधी निथळू द्या. तो चीकच अनेकांना खाजतो. माझं रोजचं म्हणाल तर गार पाण्याची पट्टी आणि वर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर.

एक मात्र हात जोडून सांगतो. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेलं "लालसरपणाचं मलम" गळ्यावर चोपडू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस जादू वाटते, महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते आणि सोडल्यावर लाली दुपटीने येते.

कार्ट्रिज मी टाकून दिलेलं नाही. दुधारी पातं विमानात हातातल्या बॅगेतून नेता येत नाही, म्हणून एक डोकं प्रवासाच्या पाऊचमध्ये पडून असतं. गेल्या खेपेला बंगळुरूला चार दिवस होतो. गालांवरून ते फिरवलं आणि जबड्याखालची ती दोन बोटं तशीच वाढू दिली.